जगभरच्या मंडळ्यांसाठी प्रार्थना : तीन साधनांचे परीक्षण

परदेशातील मिशनकार्यासाठी आणि तिथल्या सहकारी मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चसाठी, नेमाने प्रार्थना करू इच्छिणाऱ्या छोट्या गटाने एकच साधन निवडायचे ठरवले, तर त्याने जागतिक प्रार्थना दिनाचे साहित्य निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे महिला मंडळ कोल्हापुरात दर गुरुवारी संध्याकाळी कोणा ना कोणाच्या घरी जमते. तिथे आम्ही हे साहित्य, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या अनेक चर्चच्या जागतिक संघटनेचे साप्ताहिक प्रार्थनाचक्र आणि अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या जगभरच्या चर्चच्या परिवाराची, रोजची प्रार्थना-दिनदर्शिका अशी तिन्ही साधने वापरून पाहिली. तिन्हींचा घाट वेगळा आहे आणि तिन्हींत काही उणिवाही आहेत. आपल्या भागातील इतर मंडळींना निवड करणे सोपे जावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुळात साधनाची गरज का पडावी, असा प्रश्न आमच्याच एका ज्येष्ठ भगिनीने विचारला होता आणि तो रास्त होता. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या वेळी ‘जगभर सेवा करणाऱ्या तुझ्या सेवकांना सांभाळ’ हे वाक्य येते आणि लगेच आपण मंडळीतल्या आजाऱ्यांकडे वळतो. त्या वाक्यात वावगे काही नाही; पण ते उच्चारताना डोळ्यांसमोर कोणी उभे राहत नाही, आणि आजाऱ्याचे नाव घेताना मात्र त्याची खाटसुद्धा दिसते. प्रेषित पौलाने पत्र लिहून कलस्सै गावच्या मंडळीकडे प्रार्थना मागितली तेव्हा विषय नेमका सांगितला होता : आपण बंधनात आहोत, वचनासाठी दार उघडले जावे आणि जसे बोलायला हवे तसे आपल्याला बोलता यावे. असा नेमका विषय दूरच्या मंडळीकडून आपल्यापर्यंत कसा पोहोचवला जातो, या एकाच कसोटीवर मी ही तिन्ही साधने तपासली आहेत.

कोल्हापूरच्या मंडळीने तर या कामात मागे राहू नये, असे मला मनापासून वाटते. रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये इथे आले आणि त्यांच्यामागे अमेरिकेतल्या मंडळ्यांची प्रार्थना होती. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस परदेशी सेवेसाठी तरुण पुढे यावेत म्हणून एकत्र प्रार्थना करीत असत. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिराच्या अखेरीस शंभर तरुणांनी अशा सेवेची तयारी दर्शवली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, लुधियान्याच्या मिशनने जगभरच्या ख्रिस्ती लोकांना एकाच आठवड्यात मिळून प्रार्थना करण्याचे आवाहन केले होते आणि त्यानुसार १८६० च्या जानेवारीत प्रार्थना सप्ताह पाळला गेला. म्हणजे जगासाठी प्रार्थना करण्याचे आमंत्रण एकदा आपल्याच देशातून निघाले होते, हे विसरता कामा नये.

आता जागतिक प्रार्थना दिनाकडे वळते. हा दिवस मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असतो. त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी स्त्रियांच्या मिशन-प्रार्थनेत आहेत आणि १९२७ पासून तो जागतिक पातळीवर पाळला जातो. दरवर्षी एका देशातील वेगवेगळ्या चर्चमधल्या स्त्रिया एकत्र बसून संपूर्ण उपासनाक्रम लिहितात. त्यासोबत देशाची माहिती, पवित्र शास्त्राचा अभ्यास आणि एक चित्र असते. २०२३ मध्ये तैवान, २०२४ मध्ये पॅलेस्टाइन, २०२५ मध्ये कुक बेटे आणि २०२६ मध्ये नायजेरिया असा अलीकडचा क्रम आहे. या साहित्याचे सर्वांत मोठे बळ म्हणजे प्रार्थनेचे शब्द त्या देशातल्या स्त्रियांचेच असतात. त्यांच्यासाठी काय मागावे हे आपण इथे बसून ठरवत नाही. त्यांनी मागितलेले आपण मागतो.

कुक बेटांच्या वर्षी हे मला नीट कळले. प्रशांत महासागरातील ही पंधरा बेटे आहेत आणि त्यांची वस्ती साऱ्यांची मिळून १५,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. सुवार्ता तिथे १८२१ मध्ये पोहोचली. लंडन मिशनरी सोसायटीच्या जॉन विल्यम्स यांनी पापेइहा नावाच्या पॉलिनेशियन शिक्षकाला आयतुताकी बेटावर उतरवले आणि प्रत्यक्ष काम त्या बेटवासी माणसाने केले. ही हकिगत आमच्या मंडळातील निवृत्त शिक्षिकेने सांगितली, तेव्हा मिशनरी म्हणजे गोरा साहेब हे मनात बसलेले चित्र बऱ्याच जणींच्या बाबतीत हलले. त्या वर्षीचा विषय स्तोत्र १३९ मधून घेतला होता : आपली घडण अद्भुत रीतीने झाली आहे.

त्या संध्याकाळी बेटांभोवतीच्या समुद्राची पातळी वाढत असल्याचे बोलणे निघाले. शिरोळकडच्या एका मावशींचे घर २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले होते. जुलै-ऑगस्ट आला की ‘पंचगंगा किती फुटांवर?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येकाच्या तोंडी असतो, आणि राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा व ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असते. मावशी एरवी मोठ्याने प्रार्थना करीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी केली : “प्रभू, पाणी चढताना बघत बसायचं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. त्या बायांना जायला उंच जागा ठेव, आणि परत यायला घर ठेव.” एवढे दोनच वाक्यांत झाले. छापील प्रार्थनेत हे शब्द नव्हते. परंतु छापील साहित्याने त्या देशाची ओळख करून दिली नसती, तर ते निघालेही नसते. चांगल्या साधनाकडून माझी अपेक्षा हीच आहे.

उणिवांकडेही डोळेझाक करता येत नाही. पहिली म्हणजे हे साहित्य बरेच आधी तयार करावे लागते. पॅलेस्टाइनमधील स्त्रियांनी इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातून, प्रेमाने एकमेकांना सहन करण्याविषयीचा विषय निवडला, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेले युद्ध अजून व्हायचे होते. १ मार्च २०२४ रोजी तो क्रम वाचताना ताज्या परिस्थितीसाठी वेगळी प्रार्थना जोडणे भागच होते. ज्या गटात कोणी वर्तमानपत्र नीट वाचत नाही, तिथे ही जोड राहून जाईल. दुसरी अडचण भाषेची. आम्ही मजकूर इंग्रजीतून घेतला आणि मराठी आमच्या आम्ही केले. त्यासाठी हाताशी वेळ हवा आणि भाषा जाणणारी एक तरी व्यक्ती हवी. परदेशी गीतांचे भाषांतर करण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये. त्या जागी आपल्या गायनांतले किंवा नारायण वामन टिळकांच्या अभंगांतले काही घ्यावे, उपासनेचा ओघ तुटत नाही. तिसरी बाब आपल्या सोयीची आहे : मार्चचा पहिला शुक्रवार दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतो आणि घरात परीक्षार्थी असलेल्या आयांना त्या दिवशी बाहेर पडणे कठीण जाते. आम्ही दुपारची वेळ सोडून संध्याकाळची ठेवली, तेव्हा उपस्थिती सुधारली.

नायजेरियाच्या साहित्याचा विषय मत्तयाच्या अकराव्या अध्यायातून, कष्टी व भाराक्रांत जनांना येशूने दिलेल्या आमंत्रणातून घेतला आहे. त्याच्या तयारीला बसणाऱ्यांनी त्या देशाचा एक धागा जरूर लक्षात घ्यावा. तिथल्या कालाबारचे प्रेस्बिटेरियन मिशन १८४६ मध्ये होप वॉडेल यांच्या नेतृत्वाखाली जमैकाहून गेले होते आणि गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली जमैकाची मंडळी त्याच्या पाठीशी होती. आमच्याकडे काही नाही, आम्ही कोणाला काय देणार, असे म्हणणाऱ्या लहान मंडळीसमोर हे उदाहरण ठेवावे.

वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचे प्रार्थनाचक्र वर्षभर चालते. प्रत्येक आठवड्याला शेजारच्या काही देशांचा एक गट येतो आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत जगाची फेरी पूर्ण होते. त्या देशांबद्दल कशासाठी आभार मानावेत आणि कशासाठी विनंती करावी, हे त्यात वेगवेगळे दिलेले असते. आभार आधी येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण दूरच्या देशाची आठवण आपल्याला बहुधा संकटाच्या बातमीनेच होते आणि मग प्रार्थनेत दयेचा सूर नको इतका चढतो. कॅरिबियन बेटांच्या आठवड्यात आम्ही त्रिनिदादवर थांबलो. ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांमध्ये कॅनडाचे जॉन मॉर्टन यांनी १८६८ मध्ये तिथे काम सुरू केले आणि त्यातून आजचे तिथले प्रेस्बिटेरियन चर्च वाढले. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा बायकांना ते लोक परके वाटले नाहीत. दोष म्हणाल तर एका आठवड्यात इतके देश येतात की एका बैठकीत सर्वांना न्याय देणे अशक्य होते. म्हणून आम्ही एकच देश निवडतो आणि बाकीच्यांची नावे घेऊन पुढे जातो.

अँग्लिकन कम्युनियनची दिनदर्शिका यापेक्षा साधी आहे. रोज एक किंवा अधिक धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपच्या देखरेखीखालील भागांची, नावे आणि रविवारी एखाद्या प्रांताचे, म्हणजे अशा अनेक धर्मप्रांतांच्या सदस्य चर्चचे, नाव, एवढेच तिचे स्वरूप आहे. जगभरच्या ४२ सदस्य चर्चमधील धर्मप्रांत तिच्यात येतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेले आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हेही त्यांपैकी एक. गटासाठी ती अपुरी आहे, कारण नुसत्या नावावर प्रार्थना लवकर आटते. घरच्या रात्रीच्या प्रार्थनेला मात्र ती चांगली लागू पडते, विशेषतः मुले असतील तर. जेवण झाल्यावर नकाशात ते ठिकाण शोधायचे काम मुलांकडे द्यावे.

या तिन्हींखेरीज प्रार्थनेचे विषय आपल्याकडे सर्वांत जास्त येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. अफगाणिस्तानात २२ मिशनरींना उद्या ठार मारणार आहेत, ताबडतोब प्रार्थना करा आणि पुढे पाठवा, असा निरोप अनेक वर्षे फिरत आहे. जुलै २००७ मध्ये तालिबानने दक्षिण कोरियाच्या २३ ख्रिस्ती स्वयंसेवकांना ओलीस धरले होते, त्यांपैकी दोघांना ठार मारले आणि उरलेल्या २१ जणांची सुटका ऑगस्टअखेर पूर्ण झाली. त्या खऱ्या दुःखाची ही शिळी, मोडकी नक्कल आहे. तिच्यावर प्रार्थना करणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो; पण असे निरोप खोटे ठरत गेले की पुढच्या वेळी खऱ्या छळाची बातमी आली तरी माणूस ती बाजूला सारतो. तारीख नाही, ठिकाण नाही, कोणत्या मंडळीने कळवले ते नाही, असा निरोप प्रार्थनासभेत वाचू नये, असा नियम आम्ही केला आहे. याच्या उलट, जिथे सेवकांच्या जिवाला धोका आहे अशा देशांतली खरी नावे आपल्याला कळली, तरी ती गटावर टाकू नयेत. देवाला ती ठाऊक आहेत.

एका संस्थेचे छापील प्रार्थनापत्रकही आमच्याकडे काही काळ येत असे. त्यात किती जणांचा बाप्तिस्मा झाला याचे आकडे आणि देणगीचे आवाहन यांनीच पाने भरलेली असत आणि त्या ठिकाणच्या मंडळीतली माणसे कुठेच भेटत नसत. ते आम्ही बंद केले. परदेशी कार्यासाठी दान देणे योग्यच आहे. परंतु प्रार्थनेचा विषय आणि पावतीपुस्तक एकाच पानावर असू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाला माझा सल्ला असा की मार्चसाठी जागतिक प्रार्थना दिनाचे साहित्य जानेवारीतच मिळवून भाषांतराला घ्यावे, दर आठवड्याला प्रार्थनाचक्रातला एक देश घ्यावा आणि दिनदर्शिका घरोघरी द्यावी. त्या दिनदर्शिकेत कोल्हापूर धर्मप्रांताचेही नाव येते. त्या दिवशी कुठल्या तरी दूरच्या देशातले लोक आपले नाव घेतात आणि त्यांच्यापाशीही नावापलीकडे काहीच नसते. यासाठी आमच्या मंडळाने आपल्या भागाच्या प्रार्थनाविषयांचे अर्धे पान तयार केले आहे. पुराच्या काळात नदीकाठची गावे, हंगामासाठी बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची शाळा बुडणारी मुले, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या तरुणांमागे घरी एकटे राहिलेले आईवडील, असे विषय त्यात आहेत. पाळकसाहेबांच्या संमतीने ते धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे दिले असून सहकारी मंडळ्यांना पाठवण्याची विनंती केली आहे. मिरज, सांगली, इचलकरंजी आणि गडहिंग्लजच्या महिला मंडळांनी आपापले अर्धे पान लिहून तिथेच द्यावे.