फोटो मोठा करायचाय: लँक्झॉस, एआय की व्हेक्टर?

आजोबांचा फोटो 12 × 18 इंची फ्रेममध्ये लावायचा आहे आणि हाताशी 1200 × 1800 पिक्सेलची फाइल आहे, असं धरू. 300 डीपीआयने (म्हणजे इंचाला 300 ठिपके) छापायला 3600 × 5400 पिक्सेल लागतात. म्हणजे दर नऊ पिक्सेलांपैकी आठ संगणकाने भरायचे. ते तो कशाच्या आधारावर भरतो, हे पाहून पद्धत निवडावी.

बायक्युबिक आणि लँक्झॉस या फोटो मोठा करायच्या निव्वळ गणिती पद्धती, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये या नावांनी मिळतात. बायक्युबिक आजूबाजूच्या 16 पिक्सेलांवरून नवा रंग काढते. लँक्झॉस साधारणपणे 36 पिक्सेल बघते, त्यामुळे कडा जास्त रेखीव येतात. मात्र गडद कडेलगत फिकट रेघ उमटते, पांढऱ्या टोपीच्या काठावर ती लगेच दिसते. दुपटीपर्यंत काम छान होतं, पुढे फोटो मऊ पडत जातो. शिवाय जेपेगचे, म्हणजे फाइल दाबून लहान करताना पडलेले, चौकोनी डागही फोटोबरोबर मोठे होतात. तरीही मला या पद्धतींचा भरवसा वाटतो, कारण फोटोत नव्हतं ते त्या आणून बसवत नाहीत.

एआय नेमकं तेच करतं. 2021 मध्ये आलेलं रिअल-ईएसआरगॅन हे मॉडेल खराब, दाबलेल्या फोटोंसाठीच शिकवलेलं आहे. 'अपस्केल' (Upscayl) हे मोफत सॉफ्टवेअर त्याच धर्तीची मॉडेलं तुमच्याच संगणकावर चालवतं. ग्राफिक्स कार्ड बरं हवं. जेपेगचे डाग जातात, लुगड्याचा काठ, दगडी जोतं, झाडाची पानं लख्ख दिसतात. पण हरवलेला तपशील परत मिळालेला नसतो, अंदाजाने रंगवलेला असतो. जोत्याच्या दगडाला ते चालतं. चेहऱ्याला नाही. सुरकुत्या पुसल्या जातात, कातडी मेणासारखी होते, डोळे जरासे वेगळे होतात, आणि घरच्या माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं. म्हणून चेहऱ्यासाठी मी लँक्झॉसची आणि एआयची अशा दोन्ही प्रती सारख्या मापाच्या करून गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवते आणि वरच्या एआय प्रतीची अपारदर्शकता 40 टक्क्यांच्या आसपास आणते. डोळ्यांवरून ती पूर्ण पुसते.

देवनागरी मजकूर असेल तर एआय नकोच. बारीक अक्षरांतला रफार, अनुस्वार, जोडाक्षरातली गाठ हे सगळं त्याला नुसत्या रेघा वाटतात. मंडळाचं बोधचिन्ह किंवा दुकानाची पाटी इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून (आकार गिरवून) व्हेक्टर करावी, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषा-आकारांचं चित्र करावं. मग ती कितीही वाढवली तरी कड फाटत नाही. अक्षरं फारच धूसर असतील तर जवळचा फाँट शोधून पुन्हा टाइप करणं उत्तम. फोटो मात्र ट्रेस करू नये, त्याचे रंगीत ठिगळ होतात.

जुन्या व्हिडिओ गेममधल्या पिक्सेल चित्रांना नियरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या पिक्सेलचा रंग जसाच्या तसा घेणारी पद्धत, तेही दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच.

फ्लेक्ससाठी एवढा खटाटोप लागत नाही. तो लांबून बघायचा असतो, कमी डीपीआयवर भागतं.

हे सगळं करण्याआधी फोटो पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. छापील प्रत कुणाच्या ट्रंकेत असेल तर अधिकच चांगलं: 4 × 6 इंची फोटो 600 डीपीआयने स्कॅन केला की 2400 × 3600 पिक्सेल मिळतात. 12 × 18 ला ते 200 डीपीआय पडतात, आणि भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात.