नकली घुबड, घारीची पतंग अन् उलटा टांगलेला कावळा : पेरणीपासून भुईमुगापर्यंतचा अनुभव

मृगात सोयाबीन पेरलं तेव्हापासून उन्हाळी भुईमूग उगवून वर येईपर्यंत पारवे-कावळे हाकलायले हे नकली पक्षी वावरात वापरून राहिलो. लय जण विचारतात घ्यावं का नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वावर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं, काळी जमीन, धुऱ्यावर लिंबाची झाडं अन् एक जुनी विहीर, जिच्या कपारीत पारव्यांची वस्ती. चार वस्तू वापरल्या. फायबरच्या लंब्या रॉडवर उडणारी घारीच्या आकाराची पतंग, मान हलवणारं प्लास्टिकचं घुबड, खरी पिसं चिकटवलेला काळा कावळा, अन् पारव्यांची प्लास्टिकची अर्धी टरफलं, जी काडीवर खोचून जमिनीवर मांडतात.

ऑनलाइन जे व्हिडीओ दिसतात ते बहुतेक इंग्लंडकडचे. तिकडं डिकॉय, म्हंजे नकली पक्षी, पाखरू हाकलायला नसतोच, बोलवायला असतो. टरफलं मांडायची, झाडोऱ्याच्या आड लपून बसायचं, थवा उतरला की बंदूक. आपल्याले पाहिजे त्याच्या उलटं. म्हणून तिथलं पाहून तशीच मांडामांड आपल्या वावरात केली तं पारवे पळायच्या ऐवजी जेवायले येतील. पण त्या लोकांचं पाखराचं निरीक्षण पक्कं आहे, ते शिकून घ्या अन् उलटं वापरा.

आता पहिली गोष्ट, जी विकणारा कधीच सांगत नाही. ही वस्तू वर्षभर लावायची नसतेच. सोयाबीन उगवतं तेव्हा बियाण्याच्या दोन्ही डाळिंब्या जमिनीच्या वर येतात, अन् पारवे नेमकं तेच तोडतात. कोंब डाळिंब्यांच्या खालून तुटला की ते झाड गेलं, परत फुटत नाही. हरभऱ्याचं तसं नाही, त्याचं बी जमिनीतच राहते, वरचा कोंब खुडला तरी खालून दुसरा निघू शकते, पण तिथं पाखरं उथळ पडलेलं बीच उकरून खातात. तूरही हरभऱ्यासारखीच, बी खाली ठेवते. म्हंजे खरा धोका पेरल्यापासून दोन पानं नीट सुटेपर्यंतचा, दहा-बारा दिवस, थंडीत जरा जास्त. अन् नकली पक्ष्याले पाखरू घाबरते तेही साधारण तेवढेच दिवस, तेही रोज जागा बदलली तर. हे दोन्ही हिशेब एकमेकाले जुळतात म्हणून वस्तू उपयोगाची आहे. ज्यानं पेरणीच्या आधी महिनाभर रॉड गाडून ठेवला त्याच्याकडं ऐन उगवणीत पारवे रॉडच्या सावलीत बसून खातात, हे आमच्याच शिवारात पाहायले मिळाले.

पतंग. चारही वस्तूंत पैसे वसूल झाले ते हिच्यावर. पाखराले आकारापेक्षा हालचाल जास्त समजते, अन् ही वाऱ्यावर खाली-वर झेप घेते, त्यामुळं पारवे अन् होले दोन्ही उतरायच्या आधीच वळतात. एका एकरात एक बरी चालते, त्याच्या पुढं पसारा मोठा असला तं कोपरे उघडे राहतात अन् पारवे बरोबर तोच कोपरा शोधतात. रॉड वावराच्या मधोमध नको, थवा ज्या बाजूनं येते तिकडं लावा. आमच्याकडं विहिरीकडून अन् पाण्याच्या टाकीकडून येतात. दोरी आखूड ठेवा, नाही तं पतंग रॉडलेच गुंडाळते अन् मग कोणीतरी वर पाहत, गोल फिरत ती सोडवत बसते.

पण तिच्या अडचणी आहेत. पावसात कापड ओलं झालं की मेल्यासारखी लटकते. आषाढात वारा भरपूर पण पाऊसही भरपूर, त्यामुळं अर्धा वेळ तशीच. कार्तिकात हरभऱ्याच्या वेळी पाऊस नाही पण पहाटे वारा एकदम पडलेला असते, अन् पाखरू तं उजाडता उजाडताच येते, पतंग उडायले लागते नऊ वाजता जेव्हा त्यांची न्याहारी उरकलेली असते. त्या दोन तासांसाठी माणूसच पाहिजे, डबा वाजवणारा नाही तं गोफणवाला. सालदार म्हणे, मालक ही पतंग माह्या पगारात कापू नका, सकाळचं काम तं मीच करतो. बरोबर होतं त्याचं. शिवाय वानरं. एका टोळीनं रॉडले झोंबून वरचा तुकडा मोडला, तेव्हापासून वरचा भाग बांबूचा लावला अन् टोकाले फक्त फायबर. बांबू फायबरइतका वाकत नाही म्हणून झेप थोडी कमी झाली, पण टिकला.

घुबडाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, कारण ते दिसायले भारी आहे, डोळे पिवळे, मान डुलते. पारव्यांवर दोन-तीन दिवस परिणाम दिसला, मग एक पारवा त्याच्या डोक्यावर बसला. विहिरीतले पारवे तर लय लवकर शिकतात, त्यांचं घरच तिथं, दिवसभर पाहून राहिले ना ते. बाहेरून येणारा थवा जास्त दिवस बिचकते. पण खरा विषय कावळ्यांचा. कावळ्याले घुबड दिसलं की तो पळत नाही, ओरडून बाकीच्यांना बोलवते अन् सगळे मिळून त्याच्यावर झडपा घालतात. रात्री घुबड कावळ्यांवर हात साफ करते, दिवसा कावळे हिशेब चुकता करतात. तिकडचे शिकारी याचाच फायदा घेतात, कावळे बोलवायले उंच खुंटावर प्लास्टिकचं घुबड ठेवतात अन् भोवती दोन-चार नकली कावळे. म्हंजे भुईमुगाच्या वावरात तुम्ही घुबड लावलं तं कावळ्यांना निमंत्रण पत्रिका छापून वाटली. भांडण झाल्यावर भूक लागतेच, अन् खाली टॅग २४ या भुईमुगाच्या वाणाचं बियाणं तयार. शिकऱ्याच्या अन् घारीच्या मागंही कावळे असेच लागतात, म्हणून पतंगही कावळ्यांवर पारव्यांइतकी चालत नाही, उलट तिच्याशी खेळतात.

कावळ्यासाठी काम करते तो मेलेला कावळा. हे गावात कोणाले शिकवायची गरज नाही, एक कावळा तारेले चिकटून मेला की सगळी शाळा भरते, गोंगाट होते अन् मग दिवसभर त्या जागी कोणी उतरत नाही. नकली कावळा तसाच वापरायचा. पायाले दोरी, उलटा, पंख सुटलेले, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, अन् हवेनं फिरला पाहिजे. उभा, चोच पुढं करून, मजेत बसलेला नकली कावळा लावला तं बाकीचे समजतात इथं जेवण सुरू आहे. त्याच कावळ्याची नुसती बसायची पद्धत बदलली की अर्थ उलटा होते. भुईमूग टोकल्यावर दुसऱ्या दिवशी लावला, कावळे आले, वर गोल गोल फिरले, कालवा केला, गेले. नंतर रोज संध्याकाळी जागा बदलली, अधूनमधून दिवसभर काढूनही ठेवला. उगवणीपर्यंत उकरलेल्या जागा शेजारच्या वावरापेक्षा बऱ्याच कमी होत्या. डोमकावळ्यावर मात्र परिणाम कमी वाटला, तो एकटा-दुकटा येते अन् जास्त हिंमतवाला आहे. एक सूचना घरच्यांची, पितृपक्षात हा कावळा बाहेर काढायचा नाही. शेजारच्या आजीनं आधीच बजावून ठेवलं होतं, की घास शिवायले कावळा नाही आला तं तुमच्या दारात ताट आणून ठेवीन.

टरफलांचा प्रयोग थोडा वेगळा, अन् मला त्यातच जास्त मजा आली. पाखरू उतरताना तोंड वाऱ्याकडं करून उतरते, म्हणून तिकडचे लोक टरफलांची तोंडं साधारण वाऱ्याकडं ठेवतात अन् घोड्याच्या नालासारखी मांडणी करून मधे जागा मोकळी सोडतात, थवा त्या मोकळ्या जागेत उतरते. मी हीच मांडणी हरभऱ्यापासून लांब, जिथं सोयाबीनचं खळं झालं होतं तिथं केली. मळणीनंतर कुटारात दाणे सांडलेले असतातच. टरफलं नवीन होती तेव्हा चमकत होती, उन्हात लांबूनच प्लास्टिक दिसे अन् थवा वरूनच वळे, मग राखेचा अन् मातीचा हात दिला तेव्हा उतरायले लागले. त्या टरफलांच्या मानेवर विलायती पारव्याचा पांढरा ठिपका होता, आपल्या पारव्याच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात, पण आमच्या पारव्यांनी ओळखपत्र मागितलं नाही. खळ्यावर दाणे होते तोवर हरभऱ्यातली गर्दी कमी राहिली. दाणे संपले की तोच थवा उठून शेजारच्या तासात गेला. त्यामुळं हे फक्त ज्याच्याकडं सांडलेलं धान्य आहे अन् पेरणी अगदी त्याच आठवड्यात आहे त्यानं करावं, एरवी नको, पारवे गोळा करून आपणच सवय लावतो.

कोणी एअरगनचं विचारते. म्हणे, कावळा-पारवा मारला तं काय होते, मारा अन् एक-दोन टांगा, बाकीचे येणार नाहीत. बाप्पा, तो रस्ता सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा आधी उपद्रवी म्हणून पाचव्या यादीत होता, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात अजून बसलं आहे की कावळा मारला तं चालते. २०२२ मधे कायद्यात बदल झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला अन् ती यादीच काढून टाकली, म्हंजे कावळा मारायची ती जुनी सूट आता राहिली नाही. नकली कावळा त्यासाठीच आहे.

अजून एक, अन् हे हरभरावाल्यांनी नीट वाचा. रोपं उभी राहिली की सगळं काढून घरात टाका. फुलोऱ्यात अन् घाटे भरताना घाटेअळी येते, तेव्हा आपल्याले पाखरं पाहिजे असतात, कोतवाल, साळुंकी, बगळे. कृषी विभागवाले टी आकाराचे पक्षीथांबे लावा म्हणतात ते यासाठीच. एकीकडं अळी खायले थांबे लावायचे अन् दुसरीकडं घारीची पतंग उडवायची, याले काही अर्थ नाही. मी पतंग काढून त्याच बांबूले आडवी काडी बांधली, दुसऱ्या दिवशी कोतवाल येऊन बसला.

रोही (नीलगाय) अन् रानडुकराले यातल्या कशाचाही फरक पडत नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण एकानं विचारलं होतं.

विकत घेताना. घुबड चारपाचशेत येते, घेऊ नका, छतावर तुरीची डाळ वाळत घातली असते तिथं ठीक आहे, तिथं घरचं कोणी ना कोणी जागा हलवते. पतंग घ्यायची तं कापड जाड, शिलाई दुहेरी पाहा अन् रॉडचे जोड पितळी किंवा स्टीलचे, प्लास्टिकचे जोड पहिल्या वादळात निसटतात. माझी पतंग ज्या साइटवरून आली तिथं फोटोत रॉड वीस फुटांचा लिहिला होता, हातात आला तो बराच आखूड, परत पाठवायची मुदत संपली होती कारण पार्सल तालुक्याले येऊन पडलं होतं. म्हणून आल्याबरोबर टेप लावा. कावळा घ्यायचा तं पिसंवाला, नुसता काळा प्लास्टिकचा नको, उन्हात चमकते. त्याची पिसं भुईमूग निघेपर्यंत टिकतील असं वाटते, पण ऊन वाढलं तसा गोंद सुटायले लागला आहे, पुढच्या हंगामात नवीन घ्यावा लागणार. टरफलं हवी असतील तं सहा-आठ पुरतात, कोणाले लागली तं माझीच घेऊन जा, या वर्षी खळं दुसऱ्या वावरात आहे.