ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासून देणारी मकरपुऱ्यातली पार्टी – पाचपैकी चार स्टार

आमचं छोटं युनिट आहे वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत), १००० केव्हीएचा एक ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर, मेन्टेनन्स मीच बघतो. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत एक जुना कॉन्ट्रॅक्टर यायचा, फिल्टर मशीन लावायचा, तेल फिरवायचा, बीडीव्हीचा (तेल किती व्होल्टेज झेलतं त्या टेस्टचा) कागद हातात द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. कागदावर आकडा नेहमी झकास, शेठ खूश, मी पण खूश. या वेळी तो आलाच नाही, फोनही उचलेना, म्हणून शेजारच्या युनिटवाल्यांनी ही दुसरी पार्टी सुचवली.

रविवारी सकाळी आठला शटडाऊन घेऊन बसलो आणि हे आले साडेअकराला. एक स्टार तिथंच गेला. शेव उसळ खाऊन झाली, दुसरी प्लेट पण झाली, यांचा पत्ता नाही. आणि आल्यावर पण मशीनच नाही आणलं! मी भडकलोच. तर त्यांच्यातले वयस्कर काका शांतपणे म्हणतात, "साहेब, पहेला सॅम्पल, पछी फिल्टर."

मग त्यांनी जे समजावलं ते इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बीडीव्ही फक्त सांगते की तेलात पाणी, कचरा किती आहे. टाकीच्या आत कुठं काय तापतंय, कुठं ठिणगी पडतेय हे ती सांगत नाही, ते कळतं तेलात विरघळलेल्या गॅसवरून, म्हणजे डीजीए. तेल जास्त तापलं की इथिलीन वाढतं, आर्किंग असेल तर ॲसिटिलीन येतं, कागदाचं इन्सुलेशन भाजलं की कार्बन मोनॉक्साइड. आणि व्हॅक्युमवालं फिल्टर मशीन हा सगळा गॅस ओढून काढतं. म्हणजे आम्ही दरवर्षी पैसे देऊन पुरावाच धुऊन टाकत होतो की!

सॅम्पल घ्यायची पद्धत मात्र बघण्यासारखी. खालच्या व्हॉल्व्हमधून आधी थोडं तेल सोडून दिलं, मग काचेच्या सिरिंजमध्ये एकही बुडबुडा न येऊ देता भरलं, लेबल लावून डब्यात उन्हापासून लांब ठेवलं. आमचा जुना माणूस पाण्याच्या रिकाम्या बाटलीत न्यायचा.

बीडीव्ही तिथंच काढली, ४६ केव्ही. ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला भरपूर. पण डीजीएत इथिलीन चढलेलं आणि ॲसिटिलीन नावापुरतं का होईना पण होतं. मला खरं वाटेना म्हणून दुसरं सॅम्पल मी स्वतः एर्डा या टेस्टिंग लॅबला नेऊन दिलं, मकरपुरा रोडवरच तर आहे, तिथंही चित्र तेच. पुढच्या शटडाऊनला उघडलं तर टॅप स्विचचा (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायचा स्विच) एक कॉन्टॅक्ट काळाठिक्कर, स्प्रिंग ढिली. इतकी वर्षं एकाच टॅपवर, कोणी फिरवलाच नाही (आणि हा ऑफ सर्किटवाला, चालू लाइनवर फिरवायचा नसतो, हे नवीन पोरांना सांगून ठेवा).

आता खरी लाज वाटायची गोष्ट. काकांनी बुखोल्झ रिलेत (टाकीत गॅस झाला की आधी अलार्म देतो, मोठा बिघाड असला तर ब्रेकर पाडतो) हवा भरली, अलार्म वाजला. मग टेस्टची दांडी दाबून ट्रिप दिला तर ब्रेकर ढिम्म. ट्रिपची वायरच काढून ठेवलेली! २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला त्या पावसात टर्मिनल बॉक्समध्ये पाणी जाऊन उगाच ट्रिप होत होतं, तेव्हा कोणीतरी सोडवली आणि परत जोडली नाही. कोणीतरी म्हणजे आमच्यातलंच. ब्रीदरमधली (आत जाणारी हवा कोरडी करतो तो) सिलिका जेल पण तेव्हापासून गुलाबी पडलेली, म्हणजे ओलाव्यानं भरलेली, रोज तिथनं जातो मी.

काका म्हणाले, तेलात मोठा आर्क झाला की तेलाचा एका क्षणात गॅस होतो, टाकीत प्रेशर इतक्या झपाट्यानं चढतं की व्हेंट फुटून प्रेशर निघायच्या आत टाकीची शिवण किंवा बुशिंग (टाकीतून लाइन बाहेर काढणारा इन्सुलेटर) जातं, मग तापलेलं तेल बाहेर, हवा मिळाली की भडका. आपल्या या साध्या मिनरल ऑइलचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) साधारण १४० डिग्रीच असतो. म्हणून लवकर कळणं आणि लगेच ट्रिप होणं, दोनच गोष्टी आपल्या हातात. आमच्या दोन्ही बंद होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही हे खरंच सांगतो.

तक्रारी पण सांगतो. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा पाच दिवस उशिरा दिला, तो यांच्याच ऑफिसात पडून होता, आणि आत असे रिझल्ट असताना साधा फोन करायला काय झालं? होजचा जोड सुटून यार्डातल्या खडीवर तेल पाडलं, ते आमच्या पोरांनी उचललं, तेलकट खडी तशीच राहिली तर आगीला आमंत्रणच ना. शिवाय ट्रान्सफॉर्मर एस्टर तेलावर नेऊ म्हणून मागे लागले होते. त्याचा फायर पॉइंट ३०० च्या वर असतो हे मान्य, पण भाव ऐकून शेठनी हातच जोडले.

कॉन्टॅक्ट बदलून, वायर जोडून, बॉक्सला नवीन गास्केट लावून मगच फिल्टर केलं. महिन्याभरानं परत सॅम्पल घ्यायचंय, गॅस पुन्हा चढतोय का बघायला. यांनाच बोलावणार आहे. फक्त वेळ सांगताना साडेआठच्या ऐवजी साडेपाच सांगेन आणि ताडपत्री आमची घालेन.