अमेरिकन टपाल तिकिटांचं पौंडाच्या वजनाचं पाकीट : घ्यायचं की नाही

सुरुवातीलाच सांगते, यातून लाखाचं तिकीट निघेल या आशेने घेत असाल तर घेऊ नका, त्या पैशात मस्त जेवून या. पण अमेरिकेत राहताय, किंवा तिकडे पुण्यात-नागपुरात बसून अमेरिकन तिकिटं जमवायचीत आणि इतिहासाची थोडी खाज आहे, तर पुढे वाचा.

हे प्रकरण काय आहे ते आधी. इथे डीलर लोक 'मिक्स्चर' विकतात, म्हणजे वापरलेली तिकिटं, एन्व्हलपच्या कागदासकट कापलेली, सरळ वजनावर. चर्च, सेवाभावी संस्था, ऑफिसं यांच्याकडे आलेल्या टपालातून कात्रणं गोळा होतात आणि ती पौंडाने विकली जातात. चर्चकडून येणाऱ्या मालाला 'मिशन मिक्स्चर' असं नावच आहे. मी न्यू जर्सीतल्या एका स्टॅम्प शोमध्ये दोन पाकिटं घेतली, एक जुनं, साधारण १९३० ते १९७५ चं पौंडभर, आणि एक छोटं, नव्या तिकिटांचं. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला म्हणून दोन्हीबद्दल लिहितेय.

जुन्या पाकिटात सगळ्यात जास्त काय येतं तर तीन सेंटची जांभळी तिकिटं. वैताग येईल इतकी. त्यामागे कारण आहे, जुलै १९३२ ते जुलै १९५८ एवढा सगळा काळ इथे साध्या पत्राचा दर तीनच सेंट होता, महामंदी झाली, महायुद्ध झालं, कोरिया झालं, दर हलला नाही. त्यामुळे त्या काळातलं प्रत्येक प्रेमपत्र, बिल, लग्नाचं आमंत्रण याच्यावर हेच. आणि त्यातलंही सगळ्यात कॉमन म्हणजे जेफर्सन, १९३८ च्या प्रेसिडेन्शियल सिरीजमधलं, ज्याला इकडचे संग्राहक लाडाने 'प्रेक्सी' म्हणतात.

ही प्रेक्सी सिरीज हेच माझ्या मते या पाकिटातलं सोनं आहे, किंमत शून्य असली तरी. कल्पना इतकी साधी की आपल्याला का नाही सुचलं वाटतं, कितवा राष्ट्राध्यक्ष तितक्या सेंटचं तिकीट! वॉशिंग्टन पहिला, एक सेंट. जेफर्सन तिसरा, तीन सेंट. लिंकन सोळावा, सोळा सेंट. आता गंमत बघा, पत्राचा दर तीन सेंट म्हणून जेफर्सन अब्जांनी छापला गेला आणि लिंकनसारखा माणूस सोळा सेंटवर जाऊन बसला, ज्याचं रोजच्या पत्राला काही कामच नव्हतं. पाकिटात लिंकन शोधावा लागतो. ग्रोव्हर क्लीव्हलंड बाविसावा पण होता आणि चोविसावा पण, त्याला बावीस सेंटवर बसवलं, तेवीसचं तिकीटच काढलं नाही आणि चोवीसवर तेविसावा बेंजामिन हॅरिसन टाकला, म्हणजे हिशोब तिथे फसला. सिरीज कूलिजपाशी थांबते कारण त्याच्या पुढचे हूवर आणि रूझवेल्ट तेव्हा जिवंत होते आणि जिवंत माणूस तिकिटावर घ्यायचा नाही असा नियम. डिझाइन स्पर्धा घेऊन ठरवलं होतं, पहिलं बक्षीस पाचशे डॉलर, इलेन रॉलिन्सन नावाच्या तरुण मुलीला मिळालं. रूझवेल्ट स्वतः पक्का तिकिटवेडा, त्यामुळे त्याच्या काळात पोस्टखातं असल्या गोष्टींत भलतंच उत्साही होतं. आमच्या घरातल्या शाळकरी मंडळींना राष्ट्राध्यक्षांचा क्रम पाठ झाला तो यातून, पुस्तकातून नाही.

जेफर्सन कंटाळवाणा झाला की त्याच्यावरचं छापील नाव वाचा. बऱ्याच तिकिटांवर दोन आडव्या रेघांमध्ये गावाचं आणि राज्याचं नाव असतं, कुठलं तरी आयोवातलं गाव, कुठलं तरी ओहायोतलं. हे प्रीकॅन्सल, म्हणजे ज्या कंपन्या गठ्ठ्याने टपाल पाठवायच्या त्यांना आधीच रद्द केलेली तिकिटं द्यायची, पोस्टात शिक्का मारायचा वेळ वाचायचा. डीलर याला कचरा समजतो, मी वेगळ्या डबीत ठेवते, नकाशा घेऊन बसलं की संध्याकाळ जाते.

आता तक्रार. पाकिटावर 'न निवडलेला माल' असं लिहिलेलं होतं. अजिबात नाही! सगळी मोठ्या किमतीची, एक डॉलरच्या वरची तिकिटं आधीच कोणीतरी चिमट्याने उचललेली स्पष्ट दिसत होतं, जुनी विमानटपालाची पण जवळपास नव्हतीच. डीलरचं नाव घेत नाही, कारण हे सगळेच करतात, पण मग लिहू तरी नका ना तसं. दुसरं म्हणजे वजन, कागद फार रुंद ठेवून कापलेला होता, म्हणजे पौंडातला बराच पैसा आपण रद्दीला देतो. घेताना विचारा, कागद तिकिटाच्या जवळून कापलाय का.

तरी दोन गोष्टींनी पैसे वसूल केले. एक, १९६२ चं डाग हॅमरशोल्डचं चार सेंटचं. हा संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस, १९६१ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या तिकिटाच्या काही शीटवर पिवळा रंग उलटा छापला गेला आणि त्यातली एक शीट मिळाली लिओनार्ड शर्मन नावाच्या जवाहिऱ्याला, तोही आमच्या न्यू जर्सीतल्या आयर्विंग्टनचा. बिचाऱ्याचं नशीब फळफळलं असं वाटेपर्यंत पोस्टमास्टर जनरल एडवर्ड डे म्हणाला, पोस्टखातं काय जुगाराचा अड्डा चालवतंय का (शब्द माझे, भाव त्याचा), आणि त्याने तीच चूक मुद्दाम करून चार कोटी तिकिटं छापायला लावली. भाव धाडकन जमिनीवर. म्हणून आज ते 'उलटं' तिकीट तुमच्या माझ्या पाकिटात येतं. संग्राहक अजून डेला शिव्या घालतात, मला मात्र त्याचं कौतुक वाटतं, पण हे स्टॅम्प शोमध्ये मोठ्याने बोलू नये.

दुसरं, गांधीजी. 'चॅम्पियन ऑफ लिबर्टी' नावाची मालिका होती, १९५७ मध्ये फिलिपिन्सच्या मॅगसेसेपासून सुरू झाली आणि शेवट गांधीजींवर, तारीख २६ जानेवारी १९६१. आपला प्रजासत्ताक दिन, आणि केनेडीने शपथ घेऊन एक आठवडाही झाला नव्हता. चार सेंटचं देशातल्या पत्रासाठी, आठ सेंटचं परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी. ब्रिटनला गांधीजी तिकिटावर आणायला १९६९ उजाडलं. माझ्या पाकिटात चार सेंटवालं आलं, शिक्का नेमका चेहऱ्यावर, चालायचंच.

नव्या पाकिटाबद्दल थोडक्यात : घेऊ नका. झेंडे, ख्रिसमस, झेंडे, लिबर्टी बेल, झेंडे. २०१६ चं दिवाळीचं तिकीट मिळेल म्हणून घेतलं होतं, पणतीचा फोटो असलेलं, ज्यासाठी इथल्या भारतीयांनी वर्षानुवर्षं सह्यांच्या मोहिमा चालवल्या. एकही नव्हतं. एकच मजेशीर वस्तू मिळाली, स्वातंत्र्यदेवतेचं फॉरेव्हर तिकीट (म्हणजे पुढे पत्राचा दर वाढला तरी चालणारं), जे डिसेंबर २०१० मध्ये आलं आणि नंतर कळलं की फोटो न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा नाहीच, लास वेगासच्या कॅसिनोसमोरच्या नकलेचा आहे! ती नक्कल बनवणारा शिल्पकार कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये त्याला साधारण पस्तीस लाख डॉलर मिळाले. अब्जावधी छापलेलं, त्यामुळे किंमत काही नाही, पण पाहुण्यांना दाखवायला झकास.

नव्या तिकिटांचा खरा वांधा वेगळाच आहे, ती पाण्यात सुटत नाहीत. साधारण २००० नंतर काही वर्षांत मागचा पाण्यात विरघळणारा थर गेला, आता नुसता चिकट गोंद. लोक संत्र्याच्या तेलाचा एअर फ्रेशनर मारून सोडवतात आणि मग मागे टाल्कम पावडर लावतात, मी करून बघितलं, घरभर वास आणि बोटं चिकट. त्यापेक्षा कागदासकट कापून ठेवा, आता बरेच जण तेच करतात.

जुन्यांचं मात्र सोपं. परातीत कोमट पाणी, तिकिटं सुटी सुटी सोडा, पंधरा-वीस मिनिटांत कागद आपोआप वेगळा होतो, ओढायचं नाही. लाल-हिरव्या एन्व्हलपची कात्रणं आधी बाजूला काढा, त्यांचा रंग उतरून सगळी परात गुलाबी होते. मग तोंड खाली करून टॉवेल पेपरवर, अर्धवट वाळली की जाड पुस्तकाखाली, नाहीतर पापडासारखी वळतात. पाकिटात १९७४ चं ख्रिसमसचं दहा सेंटचं, कबुतरवालं आलं तर ते भिजवायला घेऊ नका, पोस्टाचा स्वतः चिकटणाऱ्या तिकिटाचा तो पहिला प्रयोग होता, गोंद कागदातून वर येऊन बहुतेक सगळी तपकिरी पडलीत. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.

आणि हो, लोक विचारतात, उलट्या विमानाचं तिकीट यात मिळेल का. नाही मिळणार. १९१८ चं ते चोवीस सेंटचं, विमान चुकून उलटं छापलं गेलेलं, वॉशिंग्टनमध्ये विल्यम रोबीने चोवीस डॉलरला घेतलेली शंभरची एकच शीट, ती सरळ संग्राहकांकडे गेली, पत्रावर लागलीच नाहीत. २००६ मध्ये फ्लोरिडात टपालाने आलेल्या मतपत्रिकेच्या पाकिटावर एक दिसलं म्हणून केवढा गाजावाजा झाला, ते नकली निघालं.

खरंच जुनं काही हवं असेल तर पाकिटाऐवजी १८९३ ची कोलंबियन मालिकेतली एक आणि दोन सेंटची सुटी घ्या, वापरलेली अगदी स्वस्तात मिळतात. एक सेंटवर जमीन दिसतेय तेव्हा कोलंबस तुळतुळीत, दोन सेंटवर किनाऱ्यावर उतरतोय तेव्हा भरघोस दाढी, कारण दोन चित्रं दोन वेगळ्या चित्रकारांची. १९०८ ते १९२२ ची वॉशिंग्टन-फ्रँकलिनवाली पाकिटं मात्र नवख्यांनी टाळा, सगळी दिसायला सारखी, कडेचे दाते मोजा, कागदातला वॉटरमार्क बघा, डोकं फिरतं.

जुन्या पाकिटाला चार स्टार, एक कापला त्या 'न निवडलेल्या'साठी. नव्याला दीड. पुढच्या शोला १९५० च्या आधीचं आणि जवळून कापलेलं मागणार आहे, बावीस सेंटचा क्लीव्हलंड अजून राहिलाय.