ग्रीनबॅक, व्हिंटेज ३० की अजून काही? गिटारच्या बारा इंची कॉम्बोत स्पीकर बदलायचाय त्यांच्यासाठी

मित्राचा मेसेज आला, गिटारचा १५ वॉटचा ट्यूब कॉम्बो (म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवाला अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज, लावला की कानाला टोचतं, दोन पेडल बदलून झाली, ट्यूबा बदलून झाल्या, आता काय बदलू? म्हटलं स्पीकर बदल. तर म्हणे स्पीकरने काय फरक पडणार, तो तर फक्त आवाज बाहेर काढतो. बहुतेकांना असंच वाटतं आणि म्हणून पैसे भलतीकडेच जातात, तर जरा सविस्तरच लिहितो.

घरच्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर आत जे येतं तेच बाहेर काढायला धडपडतो, गिटारचा स्पीकर असला प्रामाणिकपणा करत नाही. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंत नीट वाजतो आणि त्याच्या वर धाडकन खाली येतो, वरच्या आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर, ट्वीटर बिटर, काही नसतो. हे खाली येणंच महत्त्वाचं. विश्वास बसत नसेल तर डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला जोडून हेडफोनवर ऐका, कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या आवाजाची नक्कल) बंद ठेवून, डब्यात मच्छर कोंडल्यासारखं वाजतं. तो भुणभुणाट गाळून टाकतो तो स्पीकर. शिवाय कागदाचा कोन जोरात हलायला लागला की सगळा एकसारखा हलत नाही, जागोजागी वेगळा थरथरतो, आणि त्या थरथरण्यातून प्रत्येक मॉडेलचा स्वतःचा आवाज येतो. म्हणजे टोन कंट्रोलनंतरचा शेवटचा आणि सगळ्यात जाडजूड टोन कंट्रोल हाच, फक्त त्याला फिरवायला बटण नाही.

आता मॉडेल. सेलेस्टियन कंपनीचे तीन आणि जेन्सन कंपनीचा एक एवढंच बोलतो, बाकी ढीग आहेत.

ग्रीनबॅक, म्हणजे जी-१२-एम. चुंबकाच्या मागे हिरवं झाकण म्हणून हे नाव. २५ वॉट, आणि नावातला एम म्हणजे मध्यम वजनाचं चुंबक, जड चुंबकवाल्याला एच म्हणतात. साठच्या दशकात मार्शलच्या चार स्पीकरवाल्या कॅबिनेटमधून जो रॉक आवाज आला तो ह्याचा. बेस जरा सैल, मिड्स (मधला पट्टा) खरखरीत पण गोड, ट्रेबल वरून गोल केलेला. थोडा जोर दिला की दबतो, म्हणजे पिकचा पहिला फटका टोकदार येत नाही, जरा उशीवर पडल्यासारखा येतो. ब्लूज आणि जुना रॉक ह्यांना हे हवंच असतं. पण लो ट्यूनिंग करून (तारा खाली उतरवून) पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तारा दाबून, वाजवणार असाल तर घेऊ नका, खालचा भाग लगद्यासारखा होतो.

व्हिंटेज ३०. नावावर जाऊ नका, तो विंटेजही नाही आणि ३० वॉटचाही नाही. १९८६ साली आला आणि ६० वॉट झेलतो. ह्याच्या वरच्या मिड्समध्ये, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, ठळक उंचवटा आहे. मिरवणुकीत तीस ढोल वाजत असले तरी ताशा कसा सगळ्यांच्या वरून ऐकू येतो, तसा हा बँडमध्ये ऐकू येतो. ड्रमर कितीही बडवू दे, दुसरा गिटारिस्ट कितीही वाढवू दे. पण ताशा दहा बाय बाराच्या खोलीत वाजवला तर काय होईल? तेच होतं. मी स्वतः हे केलंय, जॅम रूममध्ये दुसऱ्याच्या कॅबिनेटवर ऐकला, प्रेमात पडलो, घरच्या ओपन बॅक (मागून उघड्या) कॉम्बोत बसवला, आणि पंधरा दिवसांत ट्रेबल शून्यावर ठेवून वाजवायला लागलो. स्पीकर चांगलाच होता, मी तो ऐकला एका ठिकाणी आणि वाजवला दुसऱ्या, त्याला तो काय करणार.

जाणकार लोक सुद्धा हीच चूक करतात, उलट्या बाजूनेही. घरी एकट्याने ऐकताना जो आवाज भरदार, गुबगुबीत, बेसवाला वाटतो तो बँडमध्ये गायब होतो कारण ती जागा बेस गिटार आणि किक ड्रमने आधीच व्यापलेली असते. आणि घरी जो जरा बोचरा वाटतो तोच स्टेजवर नेमका बसतो. तेव्हा कुठला चांगला हे विचारण्याआधी, तुमच्या वाजवण्यातले दहापैकी किती तास खोलीत जातात आणि किती ड्रमरसोबत, ते खरंखरं मोजा. माझे नऊ खोलीत जातात, तरी मी स्टेजसाठीचा स्पीकर घेतला होता.

तिसरा क्रीमबॅक, जी-१२-एम-६५. ग्रीनबॅकचा धाकटा पण दणकट भाऊ समजा. स्वभाव तोच, बेस जास्त आणि घट्ट, आणि ६५ वॉट झेलतो. अ‍ॅम्प ३०-४० वॉटचा असेल आणि स्पीकर एकच असेल तर ग्रीनबॅक बाद, जळेल, मग हाच.

चौथा जेन्सन सी-१२-एन, जुन्या फेंडर अ‍ॅम्पच्या जातीचा आवाज. मिड्स मागे, वरचा भाग काचेसारखा लख्ख, क्लीन वाजवलं की प्रत्येक तार सुटी. कॉर्ड्स, जॅझ, ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाण्यांमागचं क्लीन ऱ्हिदम, ह्यासाठी मस्त. जास्त गेनवर, म्हणजे आवाज जास्त फाडला की, मात्र वरून चरचरतो, फोडणीत पाणी पडल्यासारखा.

आता वॉटचा गोंधळ. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती झेलतो, किती जोरात वाजतो हे नाही. जोर बघायचा तर सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा आवाज निघतो, ती डेसिबलमध्ये असते. व्हिंटेज ३० ची १००, क्रीमबॅक ६५ ची ९७. तीनच तर फरक, असं वाटेल, पण ३ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्याइतकं, म्हणजे १५ वॉटच्या अ‍ॅम्पला ३० वॉटचा केल्यासारखं, तेही नुसता स्पीकर बदलून. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला हे वरदान नाही, उलट आहे. कमी सेन्सिटिव्हिटीचा घेतलात तर अ‍ॅम्प जरा उघडून वाजवता येईल. आणि झेलण्याच्या बाबतीत हात राखून चला, १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडला की १५ च्या वर जातो, त्यामुळे १५ वॉटचाच स्पीकर लावू नका, २५ चा ठीक आहे.

ओम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, अ‍ॅम्पशी जुळवा, हा विषय कंटाळवाणा आहे पण चुकलात तर महाग पडतो. अ‍ॅम्पच्या मागे ८ लिहिलं असेल तर ८ चाच घ्या, हे सगळे ८ आणि १६ दोन्हीत मिळतात आणि ऑनलाइन घाईत चुकीचा कार्टमध्ये जातो. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू करून बघू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

एक फुकटचा प्रयोग आधी करा. स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर झोत गुडघ्यांवर पडतो, तुम्ही उभे राहून वरून मऊ आवाज ऐकता, ट्रेबल वाढवत नेता, आणि समोर बसलेल्याचे कान फाटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा आणि सगळी सेटिंग नव्याने करा. कित्येकदा स्पीकर बदलायची गरजच उरत नाही. माझ्या त्या मित्राचं अर्धं दुखणं इथंच गेलं, उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला ग्रीनबॅक सांगितलाय कारण तो फक्त घरी वाजवतो. बँड जमला असता तर व्हिंटेज ३० सांगितला असता, डोळे झाकून.

बसवताना, प्लग काढून मगच मागची फळी उघडा, ट्यूब अ‍ॅम्पच्या आत बंद केल्यावरही धोकादायक व्होल्टेज साठलेलं असू शकतं, सर्किटला हात लावायची गरजच नाही. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच गच्च आवळला तर फ्रेम वाकते. आणि नवा स्पीकर पहिले काही तास ताठर वाजतो, कडा सैल व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्याच रात्री फसलो असं म्हणू नका, आणि काढलेला जुना दोन-तीन महिने तरी विकू नका.