अंगाने जाड प्रवाशांसाठी कोणती ॲप कॅब बरी?

उबर किंवा ओला उघडलं की हॅचबॅक, सेदान आणि सहा आसनी मोठी गाडी असे भाड्याचे गट दिसतात. जास्त पैसे मोजले की जास्त ऐसपैस बसता येईल, असं वाटतं. जाड माणसाच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे.

सेदानमध्ये बऱ्याचदा डिझायर येते. ती हॅचबॅक गटातल्या वॅगनआरपेक्षा रुंद, पण ठेंगणी. आत शिरताना मान वाकवायची, गुडघ्यांवर भार देत खाली बसायचं आणि उतरताना तोच भार पुन्हा वर उचलायचा. वॅगनआर १,६७५ मिलिमीटर उंच आहे. दार मोठं आणि सीट जवळपास खुर्चीइतकी वर, त्यामुळे आधी बसून मग पाय आत घेता येतात. गुडघे दुखणाऱ्या एकट्या प्रवाशाला ही स्वस्तातली गाडीच बरी. मागे दोघं बसणार असतील तर सहा आसनी गट घ्यावा; त्यात बऱ्याचदा एर्टिगा येते. तिची मधली रांग मागे सरकते, ती बसण्याआधीच सरकवून घ्यावी. बसल्यावर ते जमत नाही.

मोठी उणीव ही की गट निवडता येतो, मॉडेल नाही. चालक ठरला की गाडीचं नाव दिसतं. तेव्हा लगेच मेसेज करावा: "दादा, मागची पूर्ण सीट लागेल. बेल्टचं बक्कल वर काढून ठेवा आणि पुढची सीट थोडी पुढे घ्या."

बक्कलचा मुद्दा किरकोळ नाही. टॅक्सीत वरून घातलेल्या सीट कव्हरखाली बक्कल हमखास दबलेलं असतं, आणि जाड माणसाला बसल्यावर तिथवर हात नेणं कठीण जातं. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे; नसेल तर १,००० रुपये दंड होतो. बेल्ट झटक्याने ओढला की रीळ अडकतं आणि तो अपुरा आहे असं वाटतं. सावकाश, शेवटपर्यंत ओढावा. कमरेची पट्टी पोटावरून नको. पोट किंचित उचलून ती खाली, कमरेच्या हाडांवर बसवावी. धडकेचा जोर हाडं झेलतात. पोटावर पट्टी असेल तर आतडी फाटू शकतात. एवढं करूनही बेल्ट पुरला नाही तर पुढची सीट पूर्ण मागे घेऊन तिथला बेल्ट लावून पाहावा. तोही पुरला नाही तर दुसरी गाडी बोलवावी. बाजारात मिळणारा, बेल्टची लांबी वाढवणारा कुठलाही एक्स्टेंडर (जोडपट्टा) वापरू नये. बक्कल खट्कन बसलं म्हणजे ते धडकेत टिकेलच असं नाही.

"गाडी टेकेल, टायर जाईल" ही चालकांची भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेबात बसत नाही. ७० किलोची तीन माणसं मागे बसली की २१० किलो होतात, आणि अशी भाडी रोज होतात. टायरमधली हवा मात्र चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, पूर्ण भाराची हवी.

जादा पैसे मागणं तर साफ चूक. भाडं अख्ख्या गाडीचं असतं, माणसाच्या किलोंचं नव्हे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १९७६ च्या नागरी हक्क कायद्यात वजनावरून भेदभाव करायला बंदी आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्थूलता नाही. तरी विनाकारण फेरी रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये दंडाची तरतूद केंद्राच्या २०२५ च्या ॲग्रिगेटर (ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्या) मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणून चालकाने नकार दिला तर फेरी स्वतः रद्द करू नये, त्यालाच करू द्यावी आणि स्क्रीनशॉट जोडून ॲपवर तक्रार टाकावी.

रिक्षाची सीट सलग असल्याने ती अनेकांना सोयीची पडते. एकटं असताना अगदी मध्ये बसावं. एका कडेला भार गेला की तीन चाकांची गाडी वळणावर कलते.

बाईक टॅक्सीचं वेगळं आहे. तिची क्षमता चालक, प्रवासी आणि सामान मिळून मोजलेली असते. ती ओलांडली की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि खड्ड्यात मागचा शॉकॲब्सॉर्बर तळाला आदळतो. इथे चालक नीट बोलून नाही म्हणाला तर त्याचं ऐकावं. पण ही मर्यादा बुकिंग करतानाच किलोमध्ये दाखवणं हे कंपनीचं काम आहे. भर रस्त्यात, चार लोकांसमोर कुणाला ती ऐकावी लागू नये.