मागचं सस्पेन्शन: नवे रबर बुश की अ‍ॅडजस्टेबल आर्म?

वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि गाडीचा मागचा भाग क्षणभर स्वतःच्या मर्जीने वळला, की बरेच जण आधी जाड अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) शोधायला लागतात. तो विचार सोडा. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार सरकतो आणि मागची एकूण पकड घटते. पुढून रुंद जाणाऱ्या गाडीला ते औषध आहे, मागून सुटणाऱ्या गाडीला मात्र विष.

निवड खरं तर दोन गोष्टींत आहे: कंपनीचेच आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्या) ठेवून नवे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) आणि काटेकोर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी), किंवा स्फेरिकल जॉइंटवाले (धातूच्या गोल सांध्याचे), लांबी बदलता येणारे अ‍ॅडजस्टेबल आर्म.

रबराला कमी लेखू नका. पोर्शेने १९७७ मध्ये ९२८ आणली, तेव्हा तिच्या मागच्या वायसाक अ‍ॅक्सलमध्ये रबराच्या लवचिकतेचाच उपयोग करून घेतला होता: अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाक टो-आउटकडे (पुढची कड बाहेर) जायच्या ऐवजी किंचित टो-इन (पुढची कड आत) व्हायचं. अशा गाडीत घट्ट धातूचे जॉइंट बसवले तर रबराचं लवणं जातंच, आणि इंजिनिअरने त्यावर बेतलेली चालही जाते.

पण जुना, चिरलेला बुश हवा तसा लवतो. टोमधला, म्हणजे चाकाच्या या आत-बाहेर वळण्यातला, फरक दिसायला फार छोटा असतो. १७ इंची रिमवर ०.१ अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम पाऊण मिलिमीटर. मागच्या चाकाला तेवढाही पुरतो. टायर आतल्या कडेने झिजला की लोक सगळा दोष कॅम्बरला (समोरून पाहता चाकाच्या उभ्या कलाला) देतात, पण बहुतेक वेळा टो जास्त दोषी असतो.

बुश बदलताना एक चूक फार होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले जातात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच.

अ‍ॅडजस्टेबल आर्मने कॅम्बर आणि टो हवे तसे लावता येतात आणि जॉइंटमधला लवचीकपणा जवळजवळ संपतो. ट्रॅकवर हे सोनं. रस्त्यावर मात्र आवाज वाढतो, जॉइंटला खुळखुळ लागते, धूळपाण्याने ते झिजतात आणि दर काही महिन्यांनी तपासावे लागतात. शिवाय आर्मच्या टोकांची उंची चुकली तर चाक वरखाली होताना टो कसा बदलतो, तेही बदलतं. होंडाने एस२००० ची हीच वागणूक २००४ च्या मॉडेलला सौम्य केली, कारण आधीच्या गाडीत मागचं चाक दाबलं गेलं की टो-इन फार वाढायचा.

माझा कल पहिल्या पर्यायाकडे. गाडीची उंची आधी ठरवा, नवे बुश बसवा, मग अलाइनमेंट करा. हवा तेवढा कॅम्बर लावल्यावर टोच्या बोल्टला फिरायला जागाच उरली नाही, तर आर्म घ्या.